दर मंगळवारी तीच जागा: होमस्कूलिंगमध्ये निसर्ग-अभ्यासाची सुरुवात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच. सहा महिन्यांपूर्वी दोघांचं शिक्षण घरीच सुरू केलंत. भाषा आणि गणिताची घडी बसली, पण निसर्ग-अभ्यास काही मार्गी लागत नाही. बागेत नेलं की दहा मिनिटांत "आता घरी जाऊ या" सुरू होतं. तुम्हाला स्वतःला झाडं-पक्षी ओळखता येत नाहीत, राहता फ्लॅटमध्ये, जवळ जंगल नाही. तर कुठला अभ्यासक्रम घ्यावा, साहित्य काय आणावं, आणि वहीत नेमकं काय लिहून घ्यावं?

अभ्यासक्रम निदान पहिलं वर्षभर आणू नका. जंगल लागत नाही. आणि नावं येत नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका, त्याचा फायदाच होतो. कसा ते पुढे येईलच.

मी घरी शिकवायला लागले त्याला आता सोळा वर्षं झाली. पहिल्या वर्षी मीही व्यवस्थित तक्ता आखला होता. पहिला आठवडा पानांचे आकार, दुसरा पक्ष्यांच्या चोची, तिसरा खोडांच्या साली. दर आठवड्याला नवी जागा, नवा छापील कागद. थोरली तेव्हा सात वर्षांची. पान बघायची, कागदावर बरोबरची खूण करायची, मोकळी व्हायची. चोचींच्या आठवड्यात एकदा ती भिंतीपाशी उकिडवी बसली आणि हाका मारायला लागली. मुंग्यांची रांग एका पतंगाचा अख्खा पंख उभा धरून भिंत चढत होती, शिडाच्या होडीसारखा. आणि मी काय म्हणाले असेन? "मुंग्या पुढच्या महिन्यात आहेत, आत्ता वर बघ." दहा वर्षांनी तिनेच मला हे ऐकवलं. मला आठवतही नव्हतं.

तो तक्ता फाडला आणि त्याच्या जागी एकच गोष्ट ठेवली: एक ठरलेली जागा आणि एक ठरलेला वार. आमचा मंगळवार.

जागा निवडताना सौंदर्य बघू नका, अंतर बघा. घरापासून पाच मिनिटांच्या आत, चपला सरकवून जाता येईल अशी. एखादं झाड, थोडी उघडी माती, जुनी भिंत आणि कुठेतरी ओल, एवढं असलं की झालं. इमारतीमागचा पाइप गळणारा कोपरा असेल तर उत्तमच, कारण ओलीपाशी नेहमी काहीतरी चाललेलं असतं. राखलेल्या बागेपेक्षा दुर्लक्षित कोपरा बरा. तिथे कोणी झाडत नाही, फवारत नाही.

पहिल्या दोन-तीन खेपांना मुलं कंटाळणार, हे धरूनच चला. त्यांचं काही चुकत नाही. नवख्या डोळ्याला ती जागा म्हणजे नुसता हिरवा-करडा पसारा असतो. माणसाची नजर वस्तूपेक्षा बदल लवकर टिपते, आणि बदल दिसायला आधीचं काहीतरी आठवावं लागतं. चौथ्या-पाचव्या मंगळवारी मुलगी म्हणेल, "इथे गेल्या वेळी कोळ्याचं जाळं होतं, आज नाही." तिथून अभ्यास सुरू झाला असं समजा. दर वेळी नवी जागा दाखवणाऱ्या पालकांच्या मुलांच्या वाट्याला हे वाक्य येतच नाही. सहली कराव्यात, जरूर कराव्यात, पण सहल ही मजा म्हणून धरा, अभ्यास म्हणून त्याच त्या कोपऱ्याकडे या.

सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं पुरे. मुलांनी "जाऊ या" म्हणायच्या आधी तुम्ही उठा.

घरात भिंतीवर एक साधी दिनदर्शिका फक्त 'पहिल्यांदा'साठी टांगा. या वर्षी पहिल्यांदा फुललेलं झाड, पहिल्यांदा ऐकू आलेला पक्षी, पहिली गोगलगाय, पहिलं गळलेलं पान. एका चौकोनात दोन शब्द. हे दिसायला किरकोळ आहे, पण इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने १७३६ मध्ये वसंताच्या अशाच पहिल्या खुणा लिहायला सुरुवात केली आणि त्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या, थेट १९५८ पर्यंत, ते चालू ठेवलं. हवामानबदलावर काम करणारे लोक आज त्या नोंदी वापरतात. तुमची दिनदर्शिका दोन वर्षं टिकली तरी दुसऱ्या वर्षी मुलं मागच्या वर्षीची पानं काढून ताडून बघायला लागतील. आमच्याकडे त्यावरून भांडणंही झाली आहेत.

आता नावं न येण्याविषयी.

आमच्या खिडकीत कुंडीत लिंबाचं रोप होतं. एका पानावर पक्ष्याची शीट पडलीय म्हणून मी ती पुसायला गेले, तर शीट चालायला लागली. काळपट-तपकिरी, वर पांढरा डाग, ओलसर चकाकी, हुबेहूब. मला ते काय आहे याची काडीइतकी कल्पना नव्हती, आणि माझ्या तोंडून जे "अय्या!" निघालं ते दोन्ही मुलांनी ऐकलं. कुठल्याही तयार पाठाने त्यांना इतक्या झटक्यात जवळ आणलं नसतं. आई खरोखर चकित झालीय की चकित झाल्याचं नाटक करतेय, हे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं.

पुढचे पंधरा दिवस आम्ही त्या रोपाशी बांधलेले होतो. ती अळी कात टाकत गेली आणि एका सकाळी शिटेचं सोंग टाकून पानासारखी हिरवीगार झाली. धाकट्याने मऊ ब्रशने तिच्या पाठीला हलकेच स्पर्श केला, तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन ओली शिंगं बाहेर आली आणि उग्र, आंबट वास सुटला. क्षणात शिंगं आत. त्याला तो खेळ शंभर वेळा करायचा होता. दिवसातून एकदाच, असा नियम करावा लागला. थोरली रोज किती पानं संपली ते मोजत होती. शेवटच्या दोन-तीन दिवसांचा आकडा इतका वाढला की तिला आपणच चुकलो असं वाटून तिने पुन्हा मोजलं. अशा दोन अळ्या होत्या. दोघींनी काडीला कमरेशी रेशमाचा एकच धागा बांधून, किंचित मागे रेललेले कोश केले.

एका कोशातून फुलपाखरू निघालं. चुरगळलेले पंख, मग तासाभरात ताठ झालेले, पिवळट आणि काळे. दुसरा कोश मात्र काळवंडत गेला. आठवडा उलटला. एका दुपारी त्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं, आणि त्यातून डासाहूनही बारीक, चमकत्या अंगाच्या माश्या एकामागून एक बाहेर येत होत्या. आम्ही चाळीसपर्यंत मोजल्या. धाकटा रडला. थोरलीने विचारलं, "या आत गेल्या कधी? आपण तर रोज बघत होतो."

मला उत्तर येत नव्हतं, आणि येत नव्हतं हेच बरं झालं. आलं असतं तर मी तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं आणि प्रश्न तिथेच मेला असता. तो चिठ्ठीवर लिहून फ्रिजला चिकटवला. तिने आधी स्वतःचे अंदाज लिहिले: रात्री गेल्या असतील, पानावर अंडी असतील आणि अळीने ती खाल्ली असतील, अळी जन्मतःच आजारी असेल. मग वाचनालय, मग कीटक जाणणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना पत्र. शेवटी कळलं ते असं: या बारीक माश्या म्हणजे गांधीलमाशीच्या दूरच्या नातेवाईक. यांच्यातल्या काही जातींच्या माद्या अळी कोश करायच्या बेतात असताना तिच्यापाशी टपून बसतात आणि कोशाचं आवरण ओलं-मऊ असतानाच त्यात अंडी घालतात. तास उलटले की आवरण कडक होतं आणि ती संधी जाते. पोरीला दीड महिना लागला. ती गोष्ट ती आजही विसरलेली नाही, आणि परजीवी म्हणजे काय हे तिला नंतर कोणी शिकवावं लागलं नाही.

म्हणून आमच्याकडे नियम आहे की मुलाच्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी द्यायचं नाही. येत असलं तरी. आधी त्याचा अंदाज, मग पुन्हा एकदा बघणं, मग पुस्तक. (जीवाशी खेळणारा प्रश्न असेल तर अर्थातच नाही. "हे फळ खाऊ का?" याचं उत्तर ताबडतोब द्यायचं.)

चार्ल्स डार्विनने आपल्या मुलांना असंच कामाला लावलं होतं. इंग्लंडमधल्या डाउन हाउस या घराच्या आवारात १८५४ च्या सुमारास त्याच्या लक्षात आलं की मोठ्या केसाळ भुंग्यांचे नर ठरलेल्या वाटेने उडतात आणि ठरलेल्या जागी क्षणभर गुणगुणत थांबतात. एका माणसाला सगळी वाट धावत गाठणं शक्य नव्हतं. मग पाच-सहा मुलांना एकेका थांब्यावर उभं केलं. भुंगा आपल्यापाशी आला की त्या मुलाने ओरडायचं. बापाला उत्तर ठाऊक नव्हतं आणि मुलांशिवाय ते मिळणारही नव्हतं. माझ्या मते घरी शिकण्याची यापेक्षा चांगली रीत शोधून सापडायची नाही.

मुंग्यांच्या रांगेवर तुम्ही हे उद्याच करून बघू शकता. रांग चालू असताना तिच्या वाटेवर एका ठिकाणी ओलं बोट आडवं घासा. मुंग्या त्या रेघेपाशी येऊन अडतात, मागे फिरतात, मिशा हलवत गोल फिरतात, दोन्ही बाजूंना गर्दी होते. मग एखादी धीट मुंगी पलीकडे जाते आणि हळूहळू रांग पुन्हा जुळते. वाट डोळ्यांनी दिसणारी नाही, वासाची आहे, हे पाच वर्षांच्या मुलाला एका बोटाने समजतं. किती वेळात रांग पूर्ववत झाली ते आठ वर्षांची मुलगी घड्याळावर मोजेल. दुसऱ्यांदा करा, वेळ तेवढाच लागतो का? कोरडं बोट घासलं तर? तुम्ही गप्प बसा, पुढचे प्रयोग त्यांचे त्यांना सुचतील.

वहीचं. कोरी, जाड कागदाची, शिवलेली वही. सुट्या कागदांच्या फायली करू नका, पानं हरवतात आणि पुढे मागे बघता येत नाही. वर तारीख, वेळ, जागा, हवा. हे चार तपशील सक्तीचे. बाकी सगळं मुलाच्या मर्जीवर. खोडरबर घरी ठेवा. थोरलीच्या नवव्या वर्षाच्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देते:

"मंगळवार, सकाळी ८:१०. ढगाळ. रात्री पाऊस झाला. भिंतीवर ३ गोगलगायी. सर्वात मोठी माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी. ती गेली तिथे ओली रेघ. लहान दोघी त्याच रेघेवरून गेल्या. का? रस्ता सोपा म्हणून? की तिचा पाठलाग?"

खाली गोगलगायीचं चित्र आहे, ते बटाट्यासारखं दिसतं. पण शिंगांच्या दोन जोड्या आहेत, वरची लांब, खालची आखूड, आणि वरच्या जोडीच्या टोकाला ठिपका काढलाय. तो डोळा. हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. आणि गोगलगायी एकमेकींच्या रेघा धरून जातात हे खरंच आहे, कीटक जाणणाऱ्या त्याच बाईंनी नंतर सांगितलं.

चित्राचा हेतू इतकाच, की काढायला बसलं की बघावं लागतं. हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या लुई अगासींची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. सॅम्युअल स्कडर नावाचा विद्यार्थी त्यांच्याकडे कीटक शिकायला आला, त्याच्या पुढ्यात त्यांनी एक जपून ठेवलेला मासा ठेवला आणि बघ म्हणाले. दहा मिनिटांत त्याचं बघून झालं. तासन्‌तास काही सुचेना, म्हणून तो कंटाळून मासा कागदावर काढायला लागला आणि न दिसलेल्या गोष्टी दिसायला लागल्या. अगासींनी त्यावर शाबासकी दिली, की पेन्सिल हाही एक उत्तम डोळाच आहे. पुढे तीन दिवस तोच मासा. तेव्हा तुमच्या दहा मिनिटांत कंटाळणाऱ्या मुलांना फार बोल लावू नका.

चित्र चुकलं तर दुरुस्त करू नका. बहुतेक मुलं मुंगीचे पाय तिच्या मागच्या फुगीर भागाला लावतात. "उद्या मुंगी दिसली की पाय कुठून निघतात तेवढं बघशील?" एवढंच म्हणा. सहाही पाय मधल्या भागातून निघतात हे तिने स्वतः पकडलं की ती जुन्या चित्राशेजारी नवं काढेल. दोन्ही चित्रं राहू द्या. शुद्धलेखन या वहीत तपासायचं नाही, त्याला दुसऱ्या वह्या आहेत.

मुलगा पाचचा आहे, त्याच्याकडून लिहून घेण्याचा हट्ट धरू नका. तो बोलेल, तुम्ही त्याच्याच शब्दांत उतरवा, सुधारणा न करता. आमचा धाकटा एकदा म्हणाला होता, "गांडूळ आधी लांब होतं, मग जाड होतं, मग पुढे असतं." गांडुळाच्या चालण्याचं याहून नेमकं वर्णन मी तरी वाचलेलं नाही.

आणि तुमची स्वतःची वही हवी. तिन्ही वह्या शेजारी शेजारी. तुम्ही मोबाइल बघत बसलात आणि मुलांना "काढा, काढा" म्हणालात तर आठवड्याभरात सगळं बंद पडेल. तुमचं चित्र वाईट आलं तर आणखी उत्तम.

साहित्यात एकच गोष्ट चांगली घ्या: दहा पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग. ते वापरायची रीत मात्र शिकवावी लागते. मुलं हात लांब करून भिंग वस्तूवर धरतात आणि काहीच दिसत नाही म्हणतात. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि वस्तू हळूहळू भिंगाकडे आणायची. साधारण अडीच सेंटीमीटरवर चित्र स्वच्छ होतं. याशिवाय मोजपट्टी, झाकणाचा पारदर्शक डबा, आणि एक पांढरं फडकं. फडकं झुडपाखाली पसरून फांदी दोनदा हलवा, काय काय पडतं ते बघा. दुर्बिणीची घाई नको, पाच वर्षांच्या हातात ती डोळ्यांसमोर स्थिर राहत नाही आणि चिडचिड होते. मुलीसाठी घ्यायची तर आठ पटीहून जास्तीची घेऊ नका, आणि पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत उचलायला शिकवा.

ओळख पटवणारी अॅप्स आहेत, चांगली आहेत. पक्ष्यांच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन, झाडं-कीटकांसाठी सीक. पण त्या जागेवर फोन पिशवीतच. नाव कळलं की बघणं थांबतं, हा माझा मुलांपेक्षाही मोठ्यांबद्दलचा अनुभव आहे. घरी येऊन, वही भरून झाल्यावर, फोटो दाखवून विचारा, आणि अॅपने सांगितलेलं नाव पेन्सिलीने लिहा. चुकतं ते.

काही गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी ठामपणे सांगायच्या. केसाळ अळीला हात नाही. अनोळखी फळ, चीक, अळंबी तोंडात नाही. न दिसणाऱ्या बिळात, फटीत बोट नाही. दगड उचलायचा तो पलीकडची कड धरून स्वतःकडे, म्हणजे खालून जे पळेल ते पलीकडे पळेल, आणि बघून झालं की होता तसाच ठेवायचा, कारण ते कोणाचं तरी छप्पर आहे. परत आल्यावर हात धुवायचे. घरट्यापाशी रेंगाळायचं नाही. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू जमिनीवर दिसलं तर उचलून घरी आणू नका. ते उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळपास असतात. पिसंही न आलेलं खाली पडलं असेल तर घरट्यात परत ठेवता येतं. माणसाचा वास लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, ही समजूत खोटी आहे.

गोळा करण्याबाबत तुमच्या देशाचे नियम आधी बघून घ्या. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने बहुतेक स्थानिक रानपक्ष्यांचं गळून पडलेलं पीससुद्धा घरी ठेवता येत नाही. आम्ही आणतो ते गळलेली पानं, बिया, रिकाम्या शेंगा, आणि तेही एका ठरलेल्या ताटलीत मावेल एवढंच. नवं आणलं की जुनं परत.

एखाद्या मंगळवारी बाहेर पडता येणारच नाही. फ्लॅटच्या खिडकीतून चंद्र बघा. तो रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणजे काल ज्या वेळी समोरच्या गच्चीवर होता त्या वेळी आज तिथे नसणार. खिडकीच्या काचेवर टिकली लावून मुलांना अंदाज करायला सांगा, उद्या याच वेळी कुठे असेल? पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात तो सकाळी पश्चिमेला फिकट दिसतो; दिवसा चंद्र असतो यावर धाकट्याने माझ्याशी वाद घातला होता. साडेएकोणतीस दिवसांचा पूर्ण फेरा वहीत मावला की पुढच्या महिन्याचा ती दोघं आधीच काढून ठेवतील आणि तुम्हाला रात्री उठवतील. उठा.